पाळी थांबायच्या वयात त्वचेची काळजी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"इतकी वर्षं हाच साबण, हेच क्रीम. मग आताच चेहरा असा ओढल्यासारखा का वाटतो?" पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या ग्राहकांकडून आम्ही हे नेहमी ऐकतो. बहुतेक वेळा क्रीममध्ये काहीच बिघडलेले नसते. ज्या त्वचेसाठी ते घेतले होते, ती आता तशी राहिलेली नसते.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. त्वचेला मात्र चाहूल त्याआधीच लागते, पाळी मागेपुढे होऊ लागते तेव्हापासून. कोलाजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार करणे, ओल धरून ठेवणे, जखम भरणे या कामांत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा (हार्मोनचा) हात असतो. ते घटले की पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतले सुमारे ३० टक्के कोलाजेन जाते. पुढे हा वेग मंदावतो. तेलग्रंथीही आळसावतात. म्हणून कातडी पातळ होते, जरा कुठे आपटले की काळेनिळे पडते आणि साधा ओरखडाही लवकर भरत नाही. काहींना अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटते. तो मनाचा खेळ नव्हे.

गंमत अशी की गाल कोरडे पडत असतानाच हनुवटीवर मुरूम येतात आणि चार जाड केसही उगवतात. इस्ट्रोजेन कमी झाल्याने शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांचा जोर तुलनेने वाढतो, त्याचा हा परिणाम. मुरूम दिसला म्हणून कॉलेजच्या वयातला कडक फेसवॉश पुन्हा आणू नका. मुरूम राहतो बाजूला, चेहऱ्याची सालं मात्र निघतात.

आधी धुणे कमी करा

आम्ही क्रीम विकतो, तरी पहिला सल्ला हाच देतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा) साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १०. तरुणपणी त्वचा हा फरक लवकर भरून काढते, आता तिला वेळ लागतो. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतले तरी पुरते, रात्री सौम्य, बिनवासाचे क्लेन्झर वापरा. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत आटोपती. साबण बगल, जांघा आणि पावलांपुरता. हातापायांच्या नळ्यांना रोज फेस लावायची गरज नाही.

अंग टिपून घ्या, खसाखसा पुसू नका, आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. कोणते? बाटलीमागची यादी वाचा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, सिरॅमाइड त्वचेच्या थरातल्या फटी बुजवते, पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. हे तीन घटक असलेले साधे क्रीमही उत्तम काम करते. रात्री अंगातून वाफा येऊन घाम फुटत असेल, तर झोपताना जाड मलम नको, पातळ लोशन पुरे.

कोलाजेन क्रीमबद्दल आम्हाला सारखे विचारले जाते. आम्ही ते ठेवत नाही. कोलाजेनचा रेणू सुमारे ३,००,००० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचे वजन मोजायचे एकक), आणि त्वचेतून आत शिरायला रेणू ५०० डाल्टनच्या आसपास किंवा त्याहून लहान असावा लागतो. ते वरच राहते आणि थोडी ओल धरते. ग्लिसरीनही तेवढेच करते, तेही स्वस्तात.

ऊन आणि रेटिनॉल

सुरकुत्या आणि डागांवर खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्यात सनस्क्रीन पहिले. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा) ३० असलेले सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवते, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता याला महत्त्व. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लागते. बहुतेक जणी त्याच्या निम्मेही घेत नाहीत. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्या, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतात.

रेटिनॉल (सुरकुत्यांवर लावायचा अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) लावायचे असेल तर आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे. सुरुवातीला त्वचा थोडी सोलवटते. फरक दिसायला तीन महिने तरी द्या. एक गोष्ट अनेकींच्या ध्यानात येत नाही: पाळी अनियमित झाली तरी गर्भ राहू शकतो, आणि गरोदरपणात रेटिनॉल चालत नाही.

कुठलेही नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. आमचेसुद्धा.

जे क्रीमने होणार नाही

योनीमार्गाचा कोरडेपणा आणि जळजळ याबद्दल विचारायला पुष्कळ जणी संकोचतात. तिथे चेहऱ्याचे क्रीम किंवा सुगंधी वॉश लावू नका. यावर चांगले उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगा. हार्मोनच्या गोळ्यांनी त्वचेलाही फायदा होऊ शकतो, पण केवळ त्वचेसाठी त्या दिल्या जात नाहीत.

पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, लोहाची कमतरता, यकृत किंवा मूत्रपिंडाचे दुखणे यांतही अशी खाज येते. तीळ वाढतोय, कडा वाकड्यातिकड्या होताहेत, रंग बदलतोय किंवा रक्त येतेय असे दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वर्षभर पाळी बंद असताना रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी लगेच डॉक्टरांकडे जा.

आमच्याकडे याल तेव्हा सध्या वापरात असलेल्या बाटल्या आणि ट्यूब पिशवीत घालून घेऊन या, अर्ध्या संपलेल्या असल्या तरी. निम्म्या वेळा नवे काही घ्यायची गरजच नसते, पिशवीतले दोन-तीन डबे तेवढे बंद करावे लागतात.