कार्बनला थोडा रोध हवाच

मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरच्या खणात प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या असतात. प्रत्येकीत दोन काळे ठोकळे, करंगळीच्या नखाएवढे. ठोकळ्याच्या पाठीतून तांब्याच्या बारीक तारांची विणलेली शेपटी निघते, तिच्याभोवती स्प्रिंग आणि टोकाला पितळी टोपी. दुकानदार याला नुसतं ‘कार्बन’ म्हणतो. ‘कार्बन गेलाय, जोडी टाकावी लागेल’ एवढ्यावर बोलणं संपतं, पाच मिनिटांत जोडी बदलून होते आणि आपण मिक्सर घेऊन घरी येतो. मोटरच्या किमतीत या जोडीचा वाटा नगण्य, पण लहान मोटर आखणाऱ्या इंजिनिअरचं डोकं सगळ्यांत जास्त खाणारा भाग हाच. आणि त्याचं उत्तर जरा उलट्या वाटेचं आहे. या ठोकळ्यातून वीज जितकी सहज वाहील तितकं चांगलं, असं मुळीच नाही.

मोटरमधला फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्यावरच्या तांब्याच्या गुंडाळ्यांना वीज पोचवायची, पण त्या तर गरगर फिरताहेत. म्हणून आर्मेचरच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल बसवतात, तो कम्युटेटर. पट्ट्या एकमेकींपासून अलग असतात आणि प्रत्येक पट्टीला गुंडाळ्यांची टोकं जोडलेली असतात. दोन बाजूंनी दोन कार्बन या गोलावर टेकतात. कम्युटेटर फिरला की कार्बनखालची पट्टी बदलते आणि प्रत्येक गुंडाळीतल्या प्रवाहाची दिशा योग्य क्षणी उलटते. दिशा उलटली नाही तर आर्मेचर अर्धा फेरा फिरून अडकून बसेल.

सुरुवातीच्या डायनामो आणि मोटरींमध्ये हे काम तांब्याच्या तारांचे जुडगे किंवा जाळीच्या घड्या करत, त्यांना ब्रश म्हणत. तांबं उत्तम वाहक, त्यामुळे निवड रास्तच वाटायची. प्रत्यक्षात ठिणग्या उडायच्या, कम्युटेटर खरवडला जायचा आणि भार कमीजास्त झाला की माणसाला ब्रशची जागा हाताने पुढे-मागे सरकवावी लागायची. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज फोर्ब्स यांनी तांब्याऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट 1885 साली घेतलं. शेकडो पट जास्त रोध असलेला पदार्थ मुद्दाम वीज वाहून न्यायला लावायचा, हे त्या काळच्या व्यवहारी माणसाला विचित्रच वाटलं असणार. मग 1888 मध्ये अमेरिकेत चार्ल्स व्हॅन डीपोल यांनी ट्रामच्या मोटरला कार्बन लावले. ट्रामला पुढेही जायचं असतं आणि मागेही, चढही असतो आणि उतारही. प्रत्येक वेळी ब्रश सरकवायला कोण बसणार? कार्बन एका जागी घट्ट बसवला आणि मोटर दोन्ही दिशांनी विनातक्रार फिरली. तांब्याच्या ब्रशांचे दिवस तिथून भरत आले.

असं का झालं, हे कळायला मिक्सरचेच आकडे घेऊ. रिकामा मिक्सर मिनिटाला साधारण 18,000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 300. कम्युटेटरवर 24 पट्ट्या धरल्या तर एका कार्बनखालून सेकंदाला 7,200 पट्ट्या सरकतात. एका पट्टीच्या वाट्याला जेमतेम 140 मायक्रोसेकंद येतात. कम्युटेटरचा व्यास 24 मिलिमीटर असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जातो. तेवढ्या वेगाने कार्बन तांब्यावर घासत असतो आणि 750 वॉटच्या मोटरमध्ये पूर्ण भाराला त्यातून तीन-साडेतीन अँपिअर जात असतात.

कार्बनची रुंदी एका पट्टीपेक्षा जास्त असते. त्यामुळे तो क्षणभर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकतो आणि त्यांच्यामधली गुंडाळी शॉर्ट होते. या क्षणाआधी गुंडाळीत प्रवाह एका दिशेने होता, नंतर तो विरुद्ध दिशेने हवा. पण गुंडाळीला प्रवाहातला बदल सोसत नाही. तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र जुना प्रवाह रेटत राहतं. वेळेत प्रवाह उलटला नाही आणि पट्टी कार्बनखालून निसटली, तर उरलेला प्रवाह हवेतून उडी मारतो. मिक्सरच्या खालच्या फटींतून दिसणारी निळी ठिणगी ती हीच. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर शेजारणीने चटणी वाटायला घेतली की ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायच्या, त्याही हिच्यामुळेच.

इथे कार्बनचा रोध मदतीला येतो. निसटणारी पट्टी जसजशी बाहेर सरकते तसतसं तिला टेकलेलं क्षेत्रफळ घटतं. क्षेत्रफळ घटलं की तिथला रोध वाढतो आणि प्रवाह आपसूक आत येणाऱ्या पट्टीकडे ढकलला जातो. तांब्याच्या ब्रशमध्ये रोध इतका कमी की हा रेटा जवळजवळ नसतोच, उलट शॉर्ट झालेल्या गुंडाळीत नको तो प्रवाह मोकाट फिरतो. मोठ्या डीसी मोटरींमध्ये या कामाला मदत म्हणून जादा चुंबकीय ध्रुव बसवतात. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मोटरींमध्ये त्यांना जागाच नसते. गुंडाळ्यांची टोकं एखाद-दुसरी पट्टी सोडून जोडण्याची युक्ती असते खरी, पण ती फिरण्याच्या एकाच दिशेला लागू पडते. म्हणूनच काही चांगल्या ड्रिल मशीनमध्ये उलट फिरवायचा खटका दाबला की कार्बन बसवलेली अख्खी चकतीच थोडी वळते. बाकी सगळा भार त्या काळ्या ठोकळ्यावर.

मिक्सरची मोटर एसीवर चालते, त्यामुळे तिचं दुखणं दुप्पट. चुंबकीय क्षेत्र स्वतःच सेकंदाला 50 आवर्तनं करत असल्यामुळे शॉर्ट झालेल्या गुंडाळीत ट्रान्सफॉर्मरसारखा आणखी एक विद्युत दाब (व्होल्टेज) तयार होतो. तो आवरायला आणखी रोध हवा. अशा मोटरींसाठी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाची, भुकटी फिनॉलिक रेझिन या तापून कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये कालवून, साच्यात दाबून, साधारण 200 अंशांना पक्की करतात. दाणे रेझिनने एकमेकांपासून थोडे वेगळे राहतात आणि रोध तांब्याच्या हजारो पट होतो. यात एक कसब आहे, ते मला फार आवडतं. ग्रॅफाइटचे कण चपटे असतात आणि दाबताना ते दाबाच्या दिशेला आडवे निजतात. निजलेल्या थरांमधून आरपार जायला विजेला जड जातं, थरांच्या बाजूने जायला सोपं. तेव्हा ठोकळा कुठल्या दिशेने दाबायचा आणि कुठल्या दिशेने कापायचा, हे असं ठरवतात की स्प्रिंगकडून कम्युटेटरकडे जाणाऱ्या प्रवाहाला वाट सोपी राहावी आणि एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीकडे आडव्या घुसणाऱ्या प्रवाहाला थर ओलांडत जावं लागावं. पदार्थ एकच, पण हव्या त्या प्रवाहाला वाट आणि नको त्याला आडकाठी.

मग सगळीकडे हाच कार्बन का नाही वापरत? कारण कार्बन आणि तांबं टेकतात तिथे सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो, दोन कार्बन मिळून दोन. प्रवाह वाढला तरी हा आकडा फारसा हलत नाही. 230 व्होल्टवर दोन व्होल्ट गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. 12 व्होल्टच्या गाडीत तेवढ्यात सहावा हिस्सा गेला. म्हणून स्टार्टरच्या कार्बनमध्ये भरपूर तांब्याची भुकटी मिसळतात. हातात धरला तर तो मिक्सरच्या कार्बनपेक्षा जड लागतो आणि नव्या कापावर तांबूस झाक दिसते. तीन व्होल्टच्या खेळण्यातल्या मोटरला तेही परवडत नाही. तिथे साधी धातूची पातळ स्प्रिंगपट्टीच कम्युटेटरला टेकवतात आणि आयुष्य थोडं, हे मान्य करून टाकतात. मोजमापाच्या उपकरणांमध्ये, जिथे अगदी बारीक संकेत अडखळता कामा नये, तिथे चांदी मिसळलेलं ग्रॅफाइट असतं.

आता घासण्याचा भाग. ग्रॅफाइट निसरडं असतं, कारण त्यात अणूंचे थर असतात आणि पत्त्यांच्या जोडातल्या पानांसारखे ते एकमेकांवरून घसरतात, असं शाळेत शिकवतात. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्ध दुसऱ्या महायुद्धात उघडकीला आलं. अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं वीस-तीस हजार फुटांवरून उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांचे कार्बन एकाएकी भुगा व्हायला लागले. जमिनीवर शेकडो तास टिकणारा ठोकळा वर गेल्यावर काही तासांत, कधी त्याहूनही लवकर संपायचा. आधी संशय गेला थंडीवर आणि विरळ हवेवर. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यांनी ग्रॅफाइट निर्वातात घासून पाहिलं, तर त्याचं निसरडेपण गेलेलं. घर्षण कितीतरी पट वाढलं आणि धूळ उडायला लागली. मग आत पाण्याची अगदी थोडी वाफ सोडली आणि ग्रॅफाइट पुन्हा गुळगुळीत चालायला लागलं. थरांच्या उघड्या कडांवरचे अणू जोडीदार शोधत असतात. हवेतलं बाष्प तिथे चिकटून त्यांना शांत ठेवतं. बाष्प नसेल तर त्या कडा समोरच्या पृष्ठभागाला धरतात आणि तुटतात. वीस हजार फुटांवर हवा अतिशय कोरडी, आणि भानगड तीच होती. उपाय म्हणून कार्बनमध्ये बेरियम फ्लोराइडसारखी संयुगं मुरवली गेली. आज उपग्रहांमध्ये, जिथे बाष्पाचा प्रश्नच नाही, तिथल्या फिरत्या विद्युतजोडांत ग्रॅफाइटच्या जोडीला किंवा त्याच्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात, कारण त्याला निसरडं राहायला पाणी लागत नाही.

मुंबईच्या दमट हवेबद्दल आपण कुरकुर करतो, पण कार्बनला ती मानवते. कम्युटेटरवर हळूहळू तांब्याचं ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि बाष्प यांचा अतिशय पातळ थर चढतो. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरचा रंग चॉकलेटी असतो आणि त्याला मंद चकाकी असते. नवशिका कारागीर हा मळ समजून पॉलिश पेपरने लख्ख करतो आणि नवा कार्बन त्या उघड्या तांब्यावर झपाट्याने झिजतो. या थराचा शत्रू अनपेक्षित ठिकाणी सापडतो: सिलिकॉन सीलंट. बंद जागेत त्याची वाफ कार्बनपाशी पोचली की ठिणगीच्या उष्णतेने तिची सिलिका होते, म्हणजे बारीक वाळूच, आणि मग कार्बनची खैर नाही.

स्प्रिंगचं गणितही सरळ नाही. जास्त दाबली तर घर्षणाने झीज वाढते, हे उघड आहे. कमी दाबली तरीही झीज वाढते, कारण कार्बन उडतो, ठिणगी पडते आणि ठिणगी त्याला जाळते. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बसायचं असतं. मोठ्या, एका जागी उभ्या यंत्रांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 ग्रॅम दाब पुरतो. हादरणाऱ्या हातातल्या अवजारांना त्याच्या दीडपट-दुप्पट लागतो. शिवाय कार्बन झिजतो तशी साधी स्प्रिंग लांबते आणि तिचा जोर कमी होतो. घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग शेवटपर्यंत जवळपास सारखा जोर देते, पण ती महाग. स्वस्त कार्बनला कधीकधी तांब्याची शेपटीच नसते आणि सगळा प्रवाह स्प्रिंगमधून जातो. स्प्रिंग तापते, तापून मऊ पडते, दाब जातो, ठिणग्या वाढतात. असा कार्बन अर्धासुद्धा झिजलेला नसताना बाद होतो.

भारतीय स्वयंपाकघराने या मोटरची चांगलीच परीक्षा घेतली आहे. 1960च्या दशकात मुंबईत एस. पी. माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर घडवला तो परदेशी यंत्रांना इथलं वाटण झेपत नव्हतं म्हणून. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली उडीद डाळ यांत पातं अडलं की फेरे कमी होतात आणि प्रवाह एकदम चढतो. पट्टीवरून निसटताना तोडायचा प्रवाहही तितकाच मोठा. पातं पूर्ण थांबलं तर त्याहून वाईट, कारण मग कार्बन दोन-तीन पट्ट्यांवर बसून त्याच जागा भाजत राहतो. मिक्सरच्या बुडाचं लाल बटण उडतं ते याच वेळी, आणि ते लगेच दाबून पुन्हा चालू करणं मोटरच्या जिवावर येतं.

कार्बन काढून पाहिला तर तो पुष्कळ काही सांगतो. टेकणारा भाग कम्युटेटरच्या गोलाईला बरोबर बसलेला आणि काळा-तुकतुकीत असेल तर सगळं ठीक. कड फुटकी असेल तर बहुधा पट्ट्यांमधलं अभ्रक किंवा इन्सुलेशन तांब्यापेक्षा वर आलेलं असतं. एकाच बाजूने तिरका झिजला असेल तर तो पितळी खोक्यात डुगडुगतोय. खोक्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी मोकळीक पुरे, तिच्याहून फार जास्त झाली की तो कलंडतो, कमी झाली की स्वतःच्याच भुकटीने अडकतो. आणि कम्युटेटरभोवती ठिणगीचं पूर्ण कडं फिरताना दिसलं, एखादी पट्टी वेगळी काळी पडलेली असली, तर आर्मेचरमधली गुंडाळी तुटली आहे किंवा शॉर्ट आहे. अशा वेळी नवी जोडी टाकून काही होत नाही. आर्मेचर भरून घ्यावं लागतं, नाहीतर बदलावं लागतं.