बेलोजची दोन बॉक्सिंग-चित्रं: एक चोरून झालेली लढत, एक जगजाहीर

अमेरिकन चित्रकार जॉर्ज बेलोज म्हटलं की अनेकांना त्याचं 'ते बॉक्सिंगचं चित्र' आठवतं. पण कोणतं? १९०९ मधलं 'स्टॅग अ‍ॅट शार्कीज' आणि १९२४ मधलं 'डेम्प्सी अँड फिर्पो' यांची सरमिसळ सहज होते. चित्रकार तोच, शहर न्यूयॉर्कच, रिंगणात उघड्या अंगाचे दोन लढवय्ये आणि भोवती अंधारात दाटलेली गर्दी. मात्र या दोन चित्रांच्या मधल्या पंधरा वर्षांत बॉक्सिंगची समाजातली पत पार बदलली होती.

आधी शार्कीज. टॉम शार्की या माजी मुष्टियोद्ध्याचा हा क्लब बेलोजच्या स्टुडिओसमोरच होता. बक्षिसाच्या रकमेसाठी जाहीर लढती भरवायला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बंदी होती, खासगी क्लबच्या सभासदांना तेवढी सूट. त्यातून पळवाट निघाली. बाहेरच्या लढवय्याला त्या रात्रीपुरतं सभासद करून घ्यायचं. अशा उपऱ्या लढवय्यालाच 'स्टॅग' म्हणत. बेलोजच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्राचं नाव आहे 'बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब'. त्यात एक लढवय्या कृष्णवर्णीय आहे, दुसरा गोरा. बाहेरच्या जगात या दोघांना एका क्लबात कोण बसू देणार होतं? कायद्याला चकवण्यासाठी मात्र कागदोपत्री दोघंही सभासद.

'स्टॅग' जवळून पाहा. रंग जाड, झपाट्याने ओढलेला. ओळखू यावेत असे लढवय्यांचे चेहरेच नाहीत. एकमेकांत घुसलेले दोन देह आणि त्यांच्याकडे झुकलेला रेफरी, एवढ्यावरच उजेड आहे. आपण रिंगणाच्या खालून, गर्दीत उभं राहून वर पाहतोय असा कोन धरलाय. कोण जिंकतंय याचा पत्ता नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. या माणसांना नावं नाहीत. उद्याच्या रात्री दुसरे दोघे असतील.

१९२० मध्ये वॉकर कायदा आला. न्यूयॉर्कमध्ये बॉक्सिंगला नियम मिळाले, परवाने आले, देखरेखीला आयोग आला. १४ सप्टेंबर १९२३ ला पोलो ग्राउंड्स या न्यूयॉर्कच्या स्टेडियमवर हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुइस फिर्पो समोरासमोर आले, तेव्हा प्रेक्षक ८०,००० च्या घरात होते. बेलोज एका वृत्तपत्रासाठी रेखाटनं करायला हजर होता. पहिल्याच राउंडमध्ये फिर्पो सात वेळा खाली पडला. मग त्याने डेम्प्सीला दोरांतून थेट पत्रकारांच्या अंगावर भिरकावलं. दुसऱ्या राउंडमध्ये डेम्प्सीने नॉकआउटने लढत जिंकली.

'डेम्प्सी अँड फिर्पो' पाहणारे इथेच फसतात. उभा आहे तो जेता, असं वाटतं. प्रत्यक्षात उभा आहे तो हरणारा फिर्पो, आणि आपल्या दिशेने कोसळतोय तो जगज्जेता. शेवटचा ठोसा सोडून बेलोजने हा क्षण निवडला, कारण गावभर चर्चा त्याचीच होती. आता लढवय्यांना नावं आहेत, त्यांना ओळखणारं जग आहे. अगदी डावीकडे टक्कल पडलेला एक माणूस आहे, तो स्वतः बेलोज. बंदीच्या काळातला खेळ आता चित्रकाराने स्वतःला साक्षीदार म्हणून उभं करावं इतका प्रतिष्ठित झाला होता.

रंगही बदललाय. कडा स्वच्छ, आकार मोजूनमापून बसवलेले, देह गुळगुळीत. अनेकांना यात चित्रकाराची प्रगती दिसते. मला तसं वाटत नाही. रंगकाम म्हणून 'स्टॅग' कितीतरी सरस आहे. त्यातला घाम आणि धसमुसळेपणा दुसऱ्यात उरलेला नाही. पण बॉक्सिंग तमाशाच्या पातळीवर कसं पोहोचलं हे समजून घ्यायचं, तर 'डेम्प्सी'ला पर्याय नाही. तो नीटनेटकेपणा त्या बदलाचाच भाग आहे.

मूळ चित्रं पाहायची तर 'स्टॅग' क्लीव्हलँडच्या कला संग्रहालयात आहे आणि 'डेम्प्सी' न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. बेलोजने दोन्ही विषयांवर लिथोग्राफ, म्हणजे दगडावर रेखाटून काढलेले छापही केले. त्या कृष्णधवल छापांत रंगाची खूण मिळत नाही, तेव्हा दोरांकडे पाहायचं: कुणी दोरांबाहेर पडत असेल तर ती १९२३ ची लढत.