पॉवर कॉर्ड, सॉकेट आणि गाण्याचा आवाज : हा वाद आला कुठून

सांगली-मिरजेत चांगली सिस्टीम लावून गाणं ऐकणाऱ्यांत एक वाद सारखा निघतो, ॲम्प्लिफायरची पॉवर कॉर्ड भारीतली घेतली की आवाज मोकळा होतो का, भिंतीतला सॉकेट सोन्याचा मुलामा दिलेला बसवला तर डग्गा जास्त भरीव वाजतो का. एक पार्टी म्हणते स्वच्छ ऐकू येतं, दुसरी म्हणते निव्वळ भास. माझं मत आधीच सांगतो, विजेचा आवाजावर परिणाम होतो हे शंभर टक्के खरंय, पण तो त्या शेवटच्या दीड मीटर वायरीतनं होत नाही, आणि मग सगळी चर्चा त्या वायरीवरच का येऊन थांबली ते कळायला जरा मागं जावं लागतं.

व्हॉल्व्हच्या रेडिओपासून सुरू करू. त्यातले बरेच सेट एसी-डीसी असायचे, म्हणजे आत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नाही, मेन्सची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. प्लग उलटा बसला की चासीवर फेज, आणि नॉब निघालेल्या दांडीला हात लागला की झटका. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्येसुद्धा प्लग फिरवला की गुणगुण कमी-जास्त व्हायची, कारण ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या (प्रायमरी) गुंडाळीतनं चासीकडं थोडा करंट झिरपत असतो आणि फेज गुंडाळीच्या कुठल्या टोकाला आहे त्यावर तो किती झिरपणार ते ठरतं. म्हणजे प्लगमुळं आवाज बदलतो हा अनुभव लोकांनी खरोखर घेतलेला आहे. जपानमध्ये अजून 100 व्होल्ट आणि घरात बहुतेक दोन पिनचे सॉकेट, जर्मनीचा शुको प्लग दोन्हीकडनं बसतो, त्यामुळं तिकडचे लोक प्लगची दिशा बघतात त्याला अर्थ आहे. आपल्याकडं तीन गोल पिनचा प्लग आला तो ब्रिटिशांच्या बीएस 546 मधनं, 1934 सालचं ते स्टँडर्ड, आपलं भारतीय स्टँडर्ड आयएस 1293 त्याच वळणाचं. तो उलटा बसतच नाही, पण तीन पिनच्या भोकात दोन पिनचा प्लग खुपसायची आपली सवय काही गेली नाही.

बरं, तेव्हा वायर बदलायचा प्रश्नच नव्हता कारण कॉर्ड आतनंच सोल्डर केलेली असायची. 1970 मध्ये आयईसी 320 हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागं असते ती तीन पिनची खाच, आणि पुढं हळूहळू ॲम्प्लिफायरलाही ती आली. आता कॉर्ड वेगळी विकता येत होती. त्याच दशकात जपानमध्ये स्पीकरच्या वायरींवर लिखाण सुरू झालं, 1979 ला अमेरिकेत मॉन्स्टर केबल कंपनी निघाली. स्पीकर वायरीचं म्हणणं तरी समजण्यासारखं होतं, 4 किंवा 8 ओहमच्या स्पीकरला लांबलचक बारीक वायर लावली तर तिचा रेझिस्टन्स मोजण्याइतका असतो. तिथनं गाडी इंटरकनेक्टवर, म्हणजे एका मशीनमधनं दुसऱ्यात सिग्नल नेणाऱ्या वायरींवर गेली आणि 90 च्या दशकात पॉवर कॉर्डवर. सोबत अमेरिकेतले हिरव्या ठिपक्याचे हॉस्पिटल ग्रेड सॉकेट ऑडिओवाल्यांनी उचलले. ते बनवले होते ते पेशंटशेजारच्या मशीनचा प्लग ओढला गेला तरी सुटू नये आणि अर्थ तुटू नये म्हणून. मग त्यावर रोडियमचा मुलामा वगैरे आला. जपानमध्ये तर काही लोकांनी फक्त आपल्या सिस्टीमसाठी दारात स्वतंत्र विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभा करून घेतला.

2004 मध्ये अमेरिकेत काही ऑडिओवाल्यांनीच एकत्र बसून न दाखवता चाचणी घेतली, साधी कॉर्ड आणि नॉर्डोस्ट या केबल कंपनीची अतिशय महागडी कॉर्ड, कुठली लावलीय ते ओळखायचं. बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास आली, म्हणजे नाणं उडवल्यावर येतील तेवढी. आणि यात भाग घेणाऱ्यांत वायरींवर विश्वास असणारे लोक होते हे मला महत्त्वाचं वाटतं.

हिशोबही सोपा आहे. पाऊण स्क्वेअर एमएमची साधी कॉर्ड घ्या, दीड मीटर लांब, जायची-यायची मिळून तीन मीटर तांबं, रेझिस्टन्स साधारण 0.075 ओहम. ॲम्प्लिफायर 1 अँपिअर खेचत असला तर कॉर्डमध्ये 0.075 व्होल्ट पडले. कपॅसिटर चार्ज होताना करंट झटक्याझटक्यानं खेचला जातो, तो पाचपट धरा, तरी अर्धा व्होल्टही होत नाही, आणि इकडं संध्याकाळी 230 चे 215 झाले तरी आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय वीज थेट स्पीकरला जातच नाही, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे कपॅसिटर एवढं ओलांडून तिचं डीसी होतं आणि मग गाण्याचं काम सुरू होतं.

पण आपल्या भागात वीज आवाज कसा बिघडवते ते लोकांनी कानानं ऐकलंय, ते कुठल्या परदेशी मासिकातनं आलेलं नाही. साताऱ्याच्या कोयनेची वीज 1962 पासून सुरू झाली, पुढं कृष्णाकाठ उसाचा झाला आणि उसासोबत पंप आले. पंप चालू झाले की गावात व्होल्टेज खाली, म्हणून रेडिओ-टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर, आणि त्यातली रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, खट्कन पडली की स्पीकरमध्ये फट्. मग लोडशेडिंगची वर्षं आली आणि घरोघरी इन्व्हर्टर, त्यातले स्वस्तातले सगळे स्क्वेअर वेव्हचे. ज्यानं त्या काळात इन्व्हर्टरवर डेक लावलाय त्याला ती घर्र आठवत असेल, पंखा पण तसाच घुरघुरायचा. स्क्वेअर वेव्हमध्ये 50 हर्ट्झसोबत 150, 250, 350 अशी पिल्लावळ असते आणि ती ट्रान्सफॉर्मरमधनं आत शिरते. पंख्याचे जुने खोक्याचे रेग्युलेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आले तशी स्पीड कमी केली की येणारी बारीक चर्रर पण आली. साईन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्यावर आवाज सुधारला असं कुणी म्हणालं तर मी लगेच मान्य करीन.

सगळ्यात मोठं दुखणं मात्र अर्थिंगचं. सांगलीत विश्रामबागेत ओळखीच्या एका घरी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलेलं, मिरजेचाच तानपुरा, आणि त्याच्याखाली एक हम्म सतत. ही घरगुती गुणगुण बहुतेक 50 आणि 100 हर्ट्झची असते. 100 हर्ट्झ म्हणजे पेटीवर पांढरी पाचच्या थोडा वर, काळी चारला न पोचलेला, आणि गायकाचा सा काळी एक असला तर तो त्याच्या तीव्र मध्यमाच्या किंचित वर येतो. जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या झणकाराची, लकेर ऐकत बसलेल्या माणसाला हे किती टोचत असेल बघा. त्या घरी आधीच महागडी कॉर्ड आणून झालेली, फरक शून्य. सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर काढली आणि हम्म जागेवर बंद. केबलवाल्याचं अर्थ लांब कुठंतरी, घराचं अर्थ वेगळं, दोन्हीत व्होल्टेजचा फरक, आणि मधला करंट आरसीए वायरीच्या (मशीन जोडायची सिग्नलची वायर) बाहेरच्या जाळीतनं वाहतो, तो सिग्नलमध्ये मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी 1995 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये, मशीनच्या आत जाळी चुकीच्या जागी जोडली की ही गुणगुण कशी शिरते ते मांडलं आणि स्टुडिओवाल्यांनी ते मनावर घेतलं. घरगुती बाजारात ते फारसं पोचलंच नाही, कारण त्यात विकायला काही नव्हतं. आणि गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक आहेत त्यांना हात जोडून विनंती, असं करू नका, चासीवर फेज आली तर जीव जाईल, केबलच्या वायरीत आयसोलेटर टाका किंवा सिग्नलला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत तर तिसऱ्या भोकाला मागं वायरच नसते. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावरनं उलटा हात फिरवला की झिणझिण्या येतात ते त्यामुळंच. जिथं खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरून अर्थ केलंय तिथंही आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल गेली की अर्थचा रेझिस्टन्स चढतो, म्हणून जुने वायरमन एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतायला सांगायचे. 2019 च्या महापुरात कितीतरी घरांत सॉकेट पाण्याखाली होते, ते पुसून परत वापरले ते आतनं हिरवे पडले. तसं पाच-पंधराचं कॉम्बिनेशन सॉकेट, दोन मापांच्या पिना एकाच भोकात, त्यात बारीक पिनची पकड ढिलीच. प्लगला बोट लावून हलवा, स्पीकरमध्ये चर्र आली तर सॉकेट बदला, साधा आयएसआय मार्कचा 6 अँपिअरचा घट्ट बसणारा, शंभर-दोनशेत काम होतं. मल्टिमीटर असला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये एसी व्होल्ट बघा, दोन-तीनच्या वर दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि कॉर्डचे पैसे त्याला द्या.