साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी, बेताच्या पैशांत

साखरपुडा ठरला आहे, अंगठीसाठी अमुक इतकेच पैसे बाजूला काढले आहेत आणि त्यात हिरा बसवायचा आहे, अशा आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आमची पेढी कोल्हापूरच्या गुजरीत. आमचा हात बसलेला साज, ठुशी आणि बोरमाळेवर. हिरा म्हणजे पूर्वी सात खड्यांच्या कुड्या, नाहीतर नाकातली चमकी. एकच हिरा मधोमध मिरवणारी सॉलिटेअर अंगठी आमच्याकडे अलीकडे आली. तिच्याबद्दल लोक काउंटरवर जे विचारतात, त्याची उत्तरं इथे निवांतपणे लिहिली आहेत.

गेल्या लग्नसराईत एक जोडी आली. मुलाने मोबाईलवर लिहून आणलं होतं : एक कॅरेट, डी कलर (रंगाची सगळ्यात वरची ग्रेड), व्हीव्हीएस (जवळजवळ निर्दोष). पैसे ऐंशी हजार, सोन्यासकट. खाणीतला तसा हिरा त्या पैशांत येत नाही, हे सांगितल्यावर तो गप्पच झाला. मुलगी म्हणाली, "काका, या पैशांत जो सगळ्यात जास्त चमकतो तो दाखवा की." आम्ही दोन पुड्या उघडल्या. एकात ३६ सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग), कागदावर फार वरच्या ग्रेडचा, पण कट, म्हणजे पैलू पाडण्याची सफाई, बेताचा. दुसऱ्यात ३१ सेंटचा, रंगाला आणि स्वच्छतेला दोन-चार पायऱ्या खाली, कट मात्र एक्सलंट. दोन्ही खडे तिच्या बोटांच्या बेचक्यात ठेवून तिला दुकानाच्या दाराशी, उजेडात पाठवलं. ती परत आली ती ३१ सेंटचा उचलूनच. किंमत विचारली नव्हती. तो स्वस्तही होता.

पैसे कटवर घाला

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचही झगमगते. आमच्याकडेही तसेच दिवे आहेत, लपवायचं कशाला? म्हणून हिरा दारात किंवा खिडकीशी नेऊन बघा, आणि मग टेबलाखाली धरून कमी उजेडातही बघा. चांगला कापलेला हिरा कमी उजेडातही जिवंत दिसतो.

गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, तळाचं टोक कापलेलं असेल तर ५८. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर, तुमच्या डोळ्याकडे यायला हवा. पैलूंचे कोन बिघडले की तो खालून निसटतो आणि हिरा मधोमध काळवंडतो, नाहीतर निस्तेज दिसतो. कारागीर कच्च्या खड्यातलं वजन वाचवायला बघतो, तेव्हा हिऱ्याचं पोट सुटतं. अशा हिऱ्याचे सेंट तुम्ही मोजता, पण ते कोंदणात खाली दडलेले असतात. वरून हिरा लहानच दिसतो. सर्टिफिकेटवर 'डेप्थ' नावाचा आकडा असतो, म्हणजे हिऱ्याची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. गोल हिऱ्यात तो साधारण ५९ ते ६२.५ टक्के असावा. ६५ दिसला तर पोट सुटलंय असं समजा आणि पुढची पुडी मागा.

ओव्हल, पेअर किंवा मार्किझ हे आकार त्याच वजनात मोठे दिसतात, बोटही लांब भासतं. पण जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटवर कटची ग्रेड फक्त नेहमीच्या गोल हिऱ्यालाच मिळत आली आहे, त्यामुळे लांबट आकारात डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. मधोमध फुलपाखरासारखी काळी सावली दिसते का, एवढं पाहा. थोडी असतेच, नजर तिच्यावरच खिळत असेल तर नको.

हात कुठे आखडायचा

रंगाची ग्रेड डीपासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे बिनरंगी, पुढे पिवळी झाक वाढत जाते. डी आणि जी शेजारी ठेवून, उलटे पालथे घालून, पांढऱ्या कागदावर पाहिल्याशिवाय आम्हालाही फरक सांगता येत नाही. अंगठी घातल्यावर असं कोण बघणार आहे? पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच घ्या. पिवळ्या सोन्यात आय, जेसुद्धा छान दिसतात, कारण भोवतीच्या सोन्याच्या पिवळेपणात ती झाक मिसळून जाते.

स्वच्छतेचंही तेच. ही ग्रेड दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. व्हीव्हीएसच्या खालच्या व्हीएस-२ मधला दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याही एक पायरी खालच्या एसआय-१ मधलाही बहुतेकदा नाही. फक्त तो कुठे आहे ते विचारा. कडेचा पांढुरका दोष हिरा धरणाऱ्या नखीखाली झाकता येतो. बरोबर मधला काळा ठिपका झाकता येत नाही. आणि आपल्याकडे घरातली मोठी माणसं काळा डाग असलेला हिरा चालवून घेत नाहीत, तेव्हा तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, घरी कटकट होईल. हिरा पत्रिकेला लाभतो की नाही, ते मात्र तुमच्या गुरुजींना विचारा. त्यात आम्ही पडत नाही.

वजनाचे आकडे

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचेच १०० सेंट. सोन्याच्या १८-२२ कॅरेटशी याचा संबंध नाही; नाव एकच असल्यामुळे घोळ होतो.

हिऱ्याचा भाव सोन्यासारखा रोज फळ्यावर लागत नाही. व्यापारात 'रॅप' नावाची यादी दर आठवड्याला निघते आणि तिच्या किती टक्के खाली सौदा होतो, त्यावर बोलणं चालतं. या यादीत वजनाचे टप्पे आहेत : ३० सेंट, ४०, ५०, ७०, ९०, मग एक कॅरेट. टप्पा ओलांडला की दर कॅरेटचा भावच बदलतो, आणि तो सगळ्या वजनाला लागतो. तुमचा फायदा इथेच आहे. ५० सेंटचा गोल हिरा साधारण ५.१५ मिलिमीटर रुंद असतो, ४६ सेंटचा ५ मिलिमीटर. हा फरक बोटावर ओळखून दाखवणाऱ्याला आमच्याकडून चहा. एक कॅरेटचा हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो, म्हणजे वजन दुप्पट झालं तरी रुंदी जेमतेम सव्वापट. तेव्हा सेंटबरोबर मिलिमीटरही विचारत जा. अर्थात ४६-४८ सेंटचे हिरे कमी मिळतात, कारण कापणारेही टप्पा गाठायलाच बघतात. महिनाभर आधी सांगितलंत तर शोधता येतात.

लॅबमधला हिरा

हल्ली दर दुसरा ग्राहक हे विचारतो. सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने प्रयोगशाळेत बनवलेला हिरा खराच हिरा असतो, कार्बनचाच. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, हातातल्या साध्या टेस्टरलाही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची यंत्रं लागतात. किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने खूपच कमी, आणि गेल्या काही वर्षांत ती आणखी उतरत आली आहे. त्या ऐंशी हजारांत लॅबमधला एक कॅरेट आरामात बसतो.

आमचं मत विचाराल तर, मोठी अंगठी हौसेने घालायची असेल आणि ती कधी मोडायची नसेल, तर बिनदिक्कत लॅबमधला घ्या. अडीअडचणीला पैसे उभे राहतील या हिशेबाने घेत असाल तर घेऊ नका. परत घेताना त्याला फारसं कुणी मोल देत नाही. खाणीतला लहान हिरा विकतानाही सोन्यासारखा पैसा परत येत नाही, हेही ऐकून ठेवा. गुंतवणूक करायची तर वेढणी घ्या. सर्टिफिकेटवर आणि बिलावर 'लॅबोरेटरी ग्रोन डायमंड' असं स्पष्ट लिहून घ्यायला मात्र विसरू नका.

मॉयसनाइट हा हिरा नव्हे, वेगळाच खडा आहे. काही टेस्टरवर तोही हिरा म्हणून वाजतो. भिंगातून तिरकं पाहिलं की त्याच्या आतल्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

सोनं आणि बिल

"२२ चंच हवं," असं आजी म्हणतात. साजाला ठीक. हिरा धरणाऱ्या नख्या २२ कॅरेटच्या मऊ सोन्यात वाकतात, म्हणून हिऱ्याला १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोनं. भावही त्याच प्रमाणात कमी असतो.

अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, शुद्धता आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, असतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. हा शिक्का सोन्याचा आहे, हिऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. हिऱ्याचं वेगळं सर्टिफिकेट हवं, आणि त्यावरचा नंबर हिऱ्याच्या कंबरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, लेझरने कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून घ्या. आमचं भिंग मागायला संकोच करू नका.

बिलात सोनं, हिरा, घडणावळ असे तीन वेगळे आकडे हवेत, आणि त्यांच्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. अंगठी ३.४६२ ग्रॅम भरली आणि हिरा ३१ सेंटचा असेल, तर हिऱ्याचे ०.०६२ ग्रॅम वजा करून सोनं ३.४०० ग्रॅम. सोन्याचा भाव एवढ्यावरच लागला पाहिजे.

घरी नेल्यावर

हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो. कणीक मळताना, डोक्याला तेल लावताना अंगठी काढून ठेवा. पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा, तिथेच मळ साचतो. हे बेसिनवर नको, वाटीत करा. हिरा कठीण असला तरी नेमक्या जागी फटका बसला तर फुटतो. इतर दागिन्यांबरोबर एका डबीत टाकलात, तर त्यांच्यावर ओरखडे काढतो.

वर्षातून एकदा नख्या तपासायला अंगठी घेऊन या, त्याचे पैसे लागत नाहीत. मध्येच शंका आली तर अंगठी कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. आत काही खुळखुळलं, तर तेव्हाच काढून ठेवा आणि डबीतूनच आमच्याकडे आणा.