८ केबीचा बफर: एका जुन्या ओळीची पार्श्वभूमी

साम्बा या फाइल सर्व्हर प्रोग्रामच्या जुन्या कॉन्फिगरेशन फाइलींत एक ओळ हमखास सापडते. सॉकेट ऑप्शन्सपुढे (सॉकेट म्हणजे नेटवर्क जोडणीचं प्रोग्रामकडचं टोक) टीसीपी नोडिले, म्हणजे छोटे तुकडे न अडवता लगेच पाठवण्याची सूचना, आणि मागोमाग पाठवण्याचा व घेण्याचा असे दोन्ही बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा, ८१९२ बाइटचे (८ केबी). कोणी आणि का लिहिली, हे न विचारताच ती पुढच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

आकडा मुळात चुकीचा नव्हता. एका वेळी किती डेटा वाटेत राहू शकतो, हे लाइनचा वेग आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं; बफर निदान तेवढा हवा. १० मेगाबिटचं इथरनेट आणि १ मिलिसेकंद धरा: जेमतेम १२५० बाइट. तिथे ८ केबी म्हणजे चैनच! एनएफएस या फाइल-वाटपाच्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्तीसुद्धा एका रीडमध्ये ८ केबीच्या वर जात नव्हती.

टीसीपी, म्हणजे ज्या प्रोटोकॉलवरून हा डेटा जातो, त्याची स्वतःची मर्यादाही फार मोठी नव्हती. १९८१ च्या आरएफसी ७९३ या मानक दस्तऐवजात विंडोसाठी (पोच येण्याआधी किती डेटा पाठवता येईल तो आकडा) १६ बिट होते, म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. १९९२ च्या आरएफसी १३२३ ने विंडो स्केलिंग, म्हणजे हा आकडा पटीत वाढवायची सोय, आणलं आणि छत १ जीबीच्या आसपास गेलं. पण छत उंचावलं तरी नेमका आकडा अॅडमिननेच हाताने टाकायचा. ट्यूनिंगच्या नुस्ख्यांना ऊत येणारच होता. १९९८ मध्ये सेम्के, महदवी आणि मॅथिस यांनी शोधनिबंधात मांडलं की हे काम कर्नलनेच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेच) चालू जोडणी बघून करावं; हेच ऑटोट्यूनिंग. लिनक्स २.६ मध्ये घेण्याच्या बाजूलाही ते आलं, पुढे विंडोज व्हिस्टा आणि फ्रीबीएसडी ७.० मध्येही.

खरी मेख इथे आहे. लिनक्सवर प्रोग्रामने स्वतःहून बफरचा आकडा दिला, की त्या सॉकेटपुरतं ऑटोट्यूनिंग बंद पडतं. वेग वाढवायला लिहिलेली ओळच मग ब्रेक होते: ५० मिलिसेकंदांच्या लाइनवर ८ केबीने सेकंदाला साधारण १६० केबी मिळतात, लाइन गिगाबिटची असली तरी. साम्बाचा आजचा डिफॉल्ट फक्त टीसीपी नोडिले एवढाच आहे, आणि माझ्या मते तोच राहू द्यावा.

हात लावायचाच तर कर्नलच्या कमाल मर्यादेला. गिगाबिट आणि ५० मिलिसेकंदांना ६.२५ एमबी लागतात. फाइल सर्व्हर बहुतेक वेळ पाठवतच असतो, त्यामुळे आधी पाठवण्याच्या बफरची मर्यादा बघावी. लिनक्सवर ती बहुधा ४ एमबीच असते. मात्र हा आकडा दर जोडणीचा आहे. हजार क्लायंट असतील तर वाढवण्यापूर्वी रॅमचा हिशोब करावा लागतो.