बारा व्होल्टचा हीटर की गरम पाण्याचा? उघड्या गाडीचा हिशेब

सोलापुरात गाडीला हीटर बसवायचा म्हटलं की गॅरेजवाला आधी तुमच्याकडे बघतो, मग आभाळाकडे. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या गावात हे होणारच. पण जानेवारीत पहाटे उघडी जीप काढून रोहित पक्षी बघायला भिगवणकडे निघणाऱ्यांना विचारा. मोहोळ मागे पडेपर्यंत बोटं आखडलेली असतात, आणि उजनीच्या पाण्याजवळ धुकं लागलं की समोरची काच पांढरी होते. अंगाला सोलापुरी चादर गुंडाळता येते. पायांना आणि काचेला काय गुंडाळणार?

मग स्वस्तातला ‘कार हीटर’ शोधला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. या नावाखाली दोन वेगळ्याच वस्तू मिळतात. पहिली ऑनलाइन काहीशे रुपयांत येते: हाताएवढा डबा, आत पंखा आणि तापणारी सिरॅमिकची चकती, वायर लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची. दुसरी म्हणजे छोटा रेडिएटर आणि त्यामागे ब्लोअर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरवायचं. कंपनीच्या बंद गाड्यांत डॅशबोर्डखाली असतो तो हाच.

पहिल्याचा हिशेब वॅटमध्येच उघडा पडतो. लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट, म्हणून हे डबे साधारण १५० वॅटचे असतात. घरातला साधा रूम हीटर १००० ते २००० वॅटचा असतो, तोही दार-खिडक्या लावून. १५० वॅटच्या डब्याने तासाला ६० घनमीटर हवा ढकलली, तर ती हवा जेमतेम सात अंशांनी तापते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला उघड्या गाडीत दर सेकंदाला सोळा-सतरा मीटर वारा सरकतो. त्यात ते सात अंश तुमच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नाहीत. वर जुन्या जीपचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारा, बॅटरी भरणारा) आधीच लहान. हेडलाइट आणि वायपरसोबत हे १२-१३ अँपिअर त्याच्या डोक्यावर टाकले तर बॅटरी उतरायला लागते. जास्त वॅटचा आणा म्हणाल, तर ३ किलोवॅटसाठी १२ व्होल्टवर २५० अँपिअर लागतील. एवढा करंट स्टार्टरच्या जाड केबलमधून जातो, तोही काही सेकंदच.

गरम पाण्याच्या हीटरला ही अडचण नाही, कारण तो नवी उष्णता तयार करतच नाही. पेट्रोल इंजिनात जळालेल्या इंधनाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत जातो. बाकीचा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जातो. त्या फुकट जाणाऱ्या उष्णतेतून तीन-चार किलोवॅट पायांकडे वळवणं इंजिनाला जड नाही. वीज लागते ती फक्त ब्लोअरपुरती.

तरी ‘हीटर बसवला पण वारा कोमटच येतो’ ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. बऱ्याचदा कारण हीटरमध्ये नसतंच. इंजिन तापतंय म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट वॉल (व्हॉल्व्ह), म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेला असतो. मग थंडीत पाणी ८० अंशांपर्यंत चढतच नाही. आधी तो वॉल परत बसवा, हीटर नंतर.

बसवताना गरम पाणी इंजिनाच्या हेडजवळून, थर्मोस्टॅटच्या आधी घ्यायचं आणि परतीची नळी वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला द्यायची. उलटसुलट जोडलं तर पाणी फिरायलाच कंटाळतं. नळी पत्र्यातून जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, हवाच, नाहीतर कंपनाने पत्रा नळी कापतो आणि उकळतं पाणी थेट पायावर येतं. हीटर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसला तर हवा अडकते. गाडीचं नाक चढावर ठेवून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरलं की ती निघते. आणि कूलंटच भरा. बोअरच्या जड पाण्याने या बारीक नळ्यांत क्षार साचतो आणि त्या बुजतात.

वाऱ्याचं तोंड पायांकडे आणि काचेच्या खालच्या कडेला ठेवा. छातीकडे सोडलेली गरम हवा उघड्या गाडीत वाया जाते.

मग वीज बिनकामाची का? तसं नाही. हवा तापवायला ती तोकडी पडते, पण उष्णता थेट अंगाला किंवा काचेला भिडली की तेच वॅट पुरतात. ४०-५० वॅटची सीटची तापणारी गादी पाठीला जेवढी ऊब देते, तेवढी १५० वॅटचा डबा देत नाही. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन आणि १९७३ पासून तोच साचा पुढे चालवणारी केटरहॅम या खऱ्या थंडीतल्या हलक्या उघड्या गाड्या. केटरहॅममध्ये पायांसाठी पाण्याचा हीटर आणि विजेने तापणारी समोरची काच अशी विभागणी दिसते. माझ्या मते आपल्या जीपलाही तीच बरी: पायाला पाणी, पाठीला गादी, आणि लायटरचा डबा दुकानातच राहू दे.

पाण्याच्या नळीवर बंद करायचा वॉल मात्र विसरू नका, नाहीतर एप्रिलमध्ये पाय भाजतील. पण काही इंजिनांत हीटरची नळीच पाण्याचा बायपास, म्हणजे पाणी पंपाकडे परत फिरण्याची वाट, असते. तिथे नुसता वॉल बंद केला तर पाणी अडतं, म्हणून बायपास असलेला चार तोंडांचा वॉल घ्यावा लागतो.

आणि मे महिन्यात भरली गाडी तुळजापूरचा घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे सरकला, तर तोच वॉल पूर्ण उघडून ब्लोअर जोरात सोडा. हीटर तेव्हा जादा रेडिएटर होतो. पाय शेकतात, पण काटा खाली येतो. कूलंट गळून गेलं असेल तर मात्र याचा उपयोग नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.