पस्तिशीची वेस

मिलिटरी नर्सिंगचा विषय मराठवाड्यात दोन वयांत निघतो. एकदा बारावीच्या निकालानंतर, लातूरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीवर नीटच्या मार्कांची आकडेमोड चालू असते तेव्हा. दुसऱ्यांदा तिशी ओलांडल्यावर, बहुधा रात्रपाळीत, वॉर्ड जरा शांत झाल्यावर. पहिल्या वेळी माहिती सगळ्यांकडे असते. दुसऱ्या वेळी 'आता कुठं, वय निघून गेलं' म्हणून विषय तिथंच मिटतो. हे वय ठरवलं कुणी आणि कधी, ते शोधत गेलं की गोष्ट फार मागे जाते, आणि वाटेत आपला जालना जिल्हाही लागतो.

आधी आजची स्थिती. सशस्त्र दलांच्या सहा नर्सिंग कॉलेजांत बीएस्सीच्या मिळून 220 जागा. आपल्याला जवळची म्हणजे पुण्याचं एएफएमसी (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, दोन्हीकडे 40-40. प्रवेश नीटच्या गुणांवर, वय साधारण 17 ते 25. मुलगी अविवाहित हवी. घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा चालते, पण मागे कुणाची जबाबदारी नको. दुसरी वाट शिकून तयार झालेल्या नर्सची, शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी म्हणून जाण्याची. डिसेंबर 2023 मधल्या जाहिरातीत 25 डिसेंबर 1988 ते 26 डिसेंबर 2002 या काळातला जन्म मागितला होता. म्हणजे 21 ते 35. शिक्षण बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग. नुसतं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, चालत नव्हतं.

उशिरा जागं होणाऱ्या बाईने इथे उलटी गणती करावी. बीएस्सीला 4 वर्षं. तिशीत कॉलेजात गेली तर चौतिशीत बाहेर. जीएनएमच्या वाटेने गेली तर 3 वर्षं आणि वर पदवीसाठी पोस्ट बेसिकची 2. त्यात जाहिरात आपल्या सोयीने निघत नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने जीएनएमला प्रवेश पस्तिशीपर्यंत मिळतो. म्हणजे नर्स व्हायला पस्तिशीत सुरुवात करता येते, फौजेतली नर्स व्हायचं तर पस्तिशीच्या आत सगळं आटोपलेलं लागतं.

हा 35 चा आकडा जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 च्या नोव्हेंबरात क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुतारीला पोचल्या तेव्हा त्या 34 वर्षांच्या होत्या. आजच्या जाहिरातीत जेमतेम बसल्या असत्या. हिंदुस्थानात लष्करी परिचर्येचा आरंभ 28 मार्च 1888 हा धरतात. त्या दिवशी दहा प्रशिक्षित इंग्रज नर्स मुंबईच्या बंदरात उतरल्या. त्यांच्या दोन प्रमुखांपैकी एक कॅथरीन ग्रेस लॉक, जन्म 1854 चा, म्हणजे तिशी मागे टाकूनच आलेल्या. 1893 मध्ये इंडियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस हे नाव आलं. 1902 मध्ये ब्रिटनने राणी अलेक्झांड्रा यांच्या नावाने साम्राज्याची लष्करी परिचर्या सेवा उभी केली, आणि तिची अट अशी होती: वय 25 ते 35, अविवाहित किंवा विधवा, रुग्णालयातलं 3 वर्षांचं प्रशिक्षण.

'अविवाहित किंवा विधवा.' आजच्या बीएस्सीच्या जाहिरातीत हे शब्द जवळपास तसेच भेटतात.

त्या काळी खालची मर्यादाच 25 होती, हे मात्र आपण विसरलो. सैनिकांच्या वॉर्डात पोरसवदा मुलगी नको, पोक्त बाई हवी, असा तो हिशेब असावा. म्हणजे या नोकरीची कल्पनाच मुळात जरा उशिरा येणाऱ्या बाईची होती. मला हे वाचून बरं वाटलं. पुढे खालचं टोक घसरत 17 वर आलं आणि वरचं 35 लाच चिकटून राहिलं.

1888 च्या त्या दहाजणी आल्या त्या गोऱ्या सैनिकांसाठी. निजामाच्या मुलखातल्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या. पण देशी शिपाई आजारी पडला तर त्याच्या पलटणीच्याच दवाखान्यात जाई आणि तिथे सिस्टर नसे. देशी सैनिकांसाठी स्टेशन हॉस्पिटलं आली ती 1918 च्या सुमारास. तोवर औषध देणारा, पट्टी बांधणारा, रात्री उशाशी बसणारा असा जो कुणी असे तो पुरुष, आणि कागदोपत्री त्याचा हुद्दा 'हॉस्पिटल असिस्टंट'.

या असिस्टंटची गोष्ट नर्सच्या गोष्टीहून जुनी आहे, आणि आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा भिडल्या. एका दुपारीत एकट्या इंग्रजांच्या बाजूचे जवळपास 1,600 लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना पुढे अजिंठ्याला नेऊन तिथे दवाखाना मांडला. लेणी अजून इंग्रजांच्या नजरेला पडायची होती. तो प्रकार 1819 चा. आज पर्यटकांच्या बसगाड्या अजिंठ्याला येतात, पण तिथे कधी फौजेचा दवाखाना होता हे कुणी सांगत नाही. सर्जन मोजके, जखमी शेकड्यांनी. असल्या ठिकाणी हाताखाली जाणता माणूस नसेल तर सर्जन काय करणार? कंपनी सरकारने पुढे त्याची सोय केली. 1822 मध्ये कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन काढलं आणि फौजेसाठी 'नेटिव्ह डॉक्टर' घडवायला सुरुवात केली. ती संस्था 1835 मध्ये बंद होऊन कलकत्ता मेडिकल कॉलेज आलं. हुद्द्याची नावं मात्र बदलत चालत राहिली: नेटिव्ह डॉक्टर, हॉस्पिटल असिस्टंट, सब-असिस्टंट सर्जन. पूर्ण डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही, मधलाच. 3 एप्रिल 1943 रोजी वेगवेगळी वैद्यकीय खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोर झाला, त्यात हा मधला माणूस विरघळून गेला.

नर्सच्या बाजूला 1914 च्या महायुद्धाने दार किलकिलं केलं. हिंदुस्थानातच नर्स भरती करायला तेव्हा सुरुवात झाली. 1 ऑक्टोबर 1926 रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची झाली, आणि देशी सैनिकांच्या इस्पितळांसाठी मंजूर झालेली पदं होती 12 मेट्रन, 18 सिस्टर आणि 25 स्टाफ नर्स. एवढ्या मोठ्या फौजेला 55! दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, वटहुकूम निघाला आणि या नर्स अधिकारी झाल्या. तो वटहुकूम आजही या सेवेचा पाया आहे. त्यात पात्रतेचं कलम आहे: स्त्री असावी आणि वय 21 च्या वर असावं. वरची मर्यादा त्या कलमात नाही. पस्तीस हा आकडा येतो भरतीच्या नियमांतून आणि जाहिरातीतून. कायदा बदलायला संसद लागते, जाहिरात बदलायला ती लागत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

वयापेक्षा लग्नाची अट जास्त काळ टोचत राहिली. 1977 च्या एका लष्करी सूचनेनुसार लग्न केलं की मिलिटरी नर्सची नोकरी जाऊ शकत होती. 1988 मध्ये एका लेफ्टनंटला लग्नाच्या कारणावरून सेवेतून मुक्त केलं. ती सूचना 1995 मध्ये मागे घेतली गेली. त्या अधिकारी बाईंचा न्याय मात्र सर्वोच्च न्यायालयात 14 फेब्रुवारी 2024 ला लागला: असा नियम उघड उघड मनमानी आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. निकालाला तारीखही काय मिळाली बघा.

मराठवाड्यात ही गोष्ट दूरची वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड आणि परभणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. अशा मुलीला सतराव्या वर्षी मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म भरायला कोण सांगणार? तिला स्वतःचा विचार करायला फुरसत मिळते ती लेकरं शाळेत जायला लागल्यावर, म्हणजे अठ्ठाविशी-तिशीत. मग ती एएनएम, म्हणजे जीएनएमहून खालचा नर्सिंगचा कोर्स, करते किंवा जीएनएमला जाते. 'उशिरा' हा शब्द तिच्या बाबतीत मला पटत नाही. तिच्या घड्याळाने ती वेळेवरच आलेली असते.

आता पुरुषांची बाजू. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या कायद्यात 'स्त्री' हाच शब्द असल्याने पोरांसाठी दुसरं दार आहे, नर्सिंग असिस्टंटचं: बारावी विज्ञान, वय साडेसतरा ते 23, शिपाई म्हणून भरती, शिक्षण लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोर) सेंटरला. नांदेड-परभणीकडची पोरं संभाजीनगरच्या भरती कार्यालयाकडे येतात, बीड-लातूरची पुण्याकडे. पेन्शनला किमान 15 वर्षं लागतात. एकोणिसाव्या वर्षी गेलेला माणूस म्हणजे पस्तिशीच्या आसपास गावी परततो. इकडे नर्सबाईचं दार बंद होतं, तिकडे हा बाहेर पडतो. सियाचीनला असो की राजस्थानात, याने सलाईन लावलेली असतात, गोळी लागलेला माणूस हाताळलेला असतो. पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर सरकारी दवाखान्यात तो स्टाफ नर्स होऊ शकत नाही. गावात लोक 'मेजरसाब' म्हणून बीपी बघायला बोलावतात, तेवढाच मान.

नेमका हाच पेच अमेरिकेत 1960 च्या दशकात पडला होता. नौदलातून सुटलेले वैद्यकीय सैनिक हातात कसब घेऊन घरी येत आणि त्यांना साजेसं कामच नसे. ड्यूक विद्यापीठातल्या डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 मध्ये अशा चौघांना घेऊन वर्ग सुरू केला. त्यातले तिघे 6 ऑक्टोबर 1967 रोजी पदवी घेऊन बाहेर पडले आणि फिजिशियन असिस्टंट (पीए), म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा मधला माणूस, हा पेशा जन्मला. म्हणजे त्या पेशाचे पहिले विद्यार्थीच दुसरा डाव मांडणारे सैनिक होते. पुढे हे असिस्टंट उलट अमेरिकी सैन्यातही अधिकारी म्हणून जाऊ लागले.

भारतात हा अभ्यासक्रम 1992 मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला, हृदय शस्त्रक्रियेच्या गरजेतून. सैनिकांचा त्याच्याशी संबंध आला नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत त्याला जागा दिली. पण आपल्या सैन्यात फिजिशियन असिस्टंट असं वेगळं अधिकारीपद नाही. त्यामुळे 'चाळिशीत पीए होऊन फौजेत' हे इंटरनेटवर वाचलेलं वाक्य अमेरिकेचं आहे हे ओळखून चालावं. ज्या देशात 1822 साली हा मधला हुद्दा होता, तिथे तो पुन्हा बाहेरून आणावा लागला, याची मला तरी खंत वाटते.

डॉक्टरांच्या बाबतीत वेस आणखी आत सरकली आहे. सशस्त्र दलांच्या शॉर्ट सर्व्हिससाठी काही वर्षांपूर्वीपर्यंत 45 चं वय चालत होतं. अलीकडच्या जाहिरातींत एमबीबीएसला 30 आणि पदव्युत्तरांना 35.

परत आलेल्या फौजीला मात्र एक सवलत आहे. सरकारी नोकरीत त्याच्या वयातून सेवेची वर्षं वजा होतात आणि वर 3 वर्षं मिळतात. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षणही आहे. चाळिशीतला नर्सिंग असिस्टंट जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवकाचा अर्ज भरू शकतो तो याच हिशेबाने. चूल-लेकरांत गेलेली वर्षं अशी वजा करून घ्यायचा रकाना नर्सबाईच्या फॉर्मवर अजून आलेला नाही.